दिनविशेष : ९ मे १९१३
पडद्यावर अवतरला ‘फांतोमास’

फ्रेंच दिग्दर्शक लुई फेय्याद यांच्या ‘फांतोमास’ या मूकपट-मालिकेचा पहिला भाग ‘गोमाँ’ कंपनीने १९१३ मध्ये आजच्या दिवशी प्रदर्शित केला. पियेर सुवेस्त्र आणि मार्सेल आलँ या लेखकद्वयीच्या कादंबऱ्यांनी १९११ पासून फ्रेंच वाचकांना वेड लावले होते. त्यातला वेषांतरपटू गुन्हेगार आता रेने नावार या अभिनेत्याच्या रूपाने पडद्यावर आला.

सुरुवातीलाच नावार यांचा चेहरा एकामागून एक वेषांत विरघळत जातो, म्हणजे खलनायकाची सोंगे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतात. पुढे आलिशान हॉटेलात तो राजकन्येचे दागिने आणि रोकड लुटतो, तिच्या हाती कोरे व्हिजिटिंग कार्ड ठेवतो आणि लिफ्टवाल्याचा गणवेश चढवून सर्वांदेखत पसार होतो. काही वेळाने त्या कोऱ्या कार्डावर त्याचे नाव उमटते!

इन्स्पेक्टर ज्यूव्ह आणि पत्रकार फांदोर त्याच्या मागावर राहतात, पण तो दरवेळी हातावर तुरी देतो. १९१४ पर्यंत मालिकेचे पाच भाग आले. खऱ्याखुऱ्या पॅरिसच्या रस्त्यांवर घडणारे हे गुन्हे अतिवास्तववादी कलावंतांनाही भावले. फेय्याद यांनी १९१५ मध्ये ‘ले व्हाम्पीर’ ही दहा भागांची गुन्हेपट-मालिका सुरू केली.

योगायोग असा, की अवघ्या सहा दिवसांपूर्वी, ३ मे रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला होता. एकाच आठवड्यात इथे सत्यवचनी राजा, तर तिथे अट्टल भामटा पडदा गाजवत होता.