लिहिणाऱ्याच्या हातचं आडनाव

वर्ध्याच्या भोवतालची गावं आडनाव कंसात घेऊन उभी आहेत. बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), उमरी (मेघे), पिपरी (मेघे). जिल्ह्यात जरा पुढे गेलं की सेलू (काटे), तळेगाव (टालाटुले), कारंजा (घाडगे). बाहेरून आलेला माणूस सावंगीचं मोठं हॉस्पिटल पाहतो, ते दत्ता मेघे यांच्या संस्थेचं आहे हे ऐकतो आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं धरून चालतो. सावंगीचं मेडिकल कॉलेज १९९० चं. कंसातले मेघे त्याच्या कितीतरी आधीचे. हा हिशेब चुकवला की आमचे आबाजी चिडत.

"मालगुजारी होती ना बाप्पा मेघ्यायची. गाव त्यायच्या नावानं लिवलं, म्हून तसंच राह्यलं," असं ते म्हणत. आबाजी म्हणजे माझे आजोबा. बोरगावात जन्मले, बोरगावातच गेले. नागपूरचं राज्य खालसा झालं ते १८५४ साली, तेव्हा त्यांचे आजोबा जाणते होते म्हणे. त्यामुळे भोसल्यांच्या वेळच्या गोष्टी आबाजी कालच घडल्यासारख्या सांगत. भोसल्यांच्या काळात पटेल वसुली करी आणि सरकारात भरी, जमीन त्याच्या बापाची नव्हती. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी या वसुली करणाऱ्यालाच गावाचा मालक करून टाकलं. काल हिशेब देणारा आज हिशेब मागू लागला. मालगुजाराची सीर, त्याची खुदकास्त, म्हणजे त्यानं स्वतः कसायच्या जमिनी; बाकी सारी कुळं. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर आखलं गेलं आणि बोरगाव आपोआप शहराच्या उंबऱ्यावर आलं. आता तर उंबराही राहिला नाही. कुठे वर्धा संपतं आणि कुठे बोरगाव लागतं ते फक्त ग्रामपंचायतीला माहीत.

मग गावाच्या नावात मेघेच का, पाटील-पटेल असं काही का नाही? बोरगावं, पिपऱ्या, उमऱ्या या भागात ढिगानं आहेत. बोरी, पिंपळ, उंबर कुठे नाहीत? टपाल आणि महसूल दोघांनाही शेपटी लागत होती, आणि सर्वांत सोयीची शेपटी मालकाची. याला एक मजेदार अपवाद आमच्या शेजारीच आहे. सेगाव हे जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतलं गाव. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला गेले, आणि त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली. तिथेही एक शेपटी लावता आली असती, सेगाव (बजाज) असं. पण १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम झालं. एका गावानं मालकाचं आडनाव घेतलं, दुसऱ्यानं घेतलं नाही. दोन्हीकडे कारण पत्त्याचंच होतं.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. मुंबई राज्यात आलो ते १९५६ मध्ये. मालक गेले, त्यांचं आडनाव गावाकडे राहिलं. आणि गावातल्या माणसांची आडनावं? त्यांची गंमत मला जुना कागद हातात आल्यावर कळली. अलीकडे जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीची नोंद शोधत सारेच अभिलेख कक्षात रांगा लावतात, तशी मीही लावली होती. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मिळाली. फिकट शाई, आडव्या रेघा, कडेला वाळवीनं खाल्लेली नक्षी. त्यात पणजोबांचं नाव, मग 'वल्द', मग त्यांच्या बापाचं नाव, मग जात. संपलं. आडनाव नाही. बाईचं असेल तर नाव, 'जौजे', नवऱ्याचं नाव. नवरा गेला असेल तर 'बेवा'. मी खालपासून वरपर्यंत पानं चाळली. माणसांच्या रकान्यात आडनाव जवळपास नव्हतंच, आणि वरच्या ओळीत मौजाच्या नावापुढे ते ठसठशीत होतं: बोरगाव मेघे. म्हणजे आडनाव असणं ही आमच्याकडे मालकाची बाब होती. कुळाला बापाचं नाव पुरत होतं. आम्ही घरी जे आडनाव लावतो ते शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा पक्कं झालं, असं आबाजी सांगत.

हीच 'वल्द'ची रीत बोटीवरही चढली. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मजुरांची नोंद एक नाव आणि बापाचं नाव अशी होई. कोकणातून गेलेल्या मराठी घरांतही पुढे तेच बापाचं किंवा आज्याचं नाव आडनाव होऊन बसलं. आज तिथल्या मराठी माणसाचं आडनाव पाहून त्याचं रत्नागिरीतलं गाव ओळखू येत नाही, ते यामुळेच.

आबाजींच्या गोष्टींत चीन फार येई. चीनचं आणि बोरगावचं काय नातं, असं कुणालाही वाटेल. त्याला कारण सेवाग्राम. १९४२ च्या फेब्रुवारीत चीनचा सर्वाधिकारी चँग कै शेक हिंदुस्थानात आला. त्याला गांधीजींना भेटायला वर्ध्यालाच यायचं होतं, पण इंग्रजांना ते रुचलं नाही; शेवटी गांधीजीच कलकत्त्याला गेले आणि १८ फेब्रुवारीला भेट झाली. आमच्या गावात मात्र "चीनचा राजा येऊन रायला" अशी आवई उठली होती. लोकांनी त्याला मुसलमान ठरवलं होतं, कारण नावाच्या शेवटी शेक. आबाजी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. चिनी माणसाचं आडनाव आधी येतं. त्या माणसाचं आडनाव शेक नव्हे, चँग. त्यातही चँग हा इंग्रजी पत्रांचा उच्चार. पेकिंगकडची बोली बोलणारे त्याला जिआंग म्हणतात, आणि कै शेक हे कँटनकडचं रूप, उत्तरेत ते जिएशी होतं. एकाच माणसाच्या नावाची निम्मी बाजू एका बोलीची, निम्मी दुसऱ्या.

चिनी आडनावांचं हे असंच आहे. चीनमध्ये लिहिण्याचं अक्षर एक, बोलायच्या बोली अनेक. मायदेशी हा प्रश्न कधी आला नाही, कारण कागदावर अक्षर तेच राही. बंदरावर रोमन लिपीत लिहिणारा कारकून भेटला आणि गोंधळ झाला. जगात फार पसरलेलं एक आडनाव घ्या: छन. सध्याच्या हनान प्रांतातल्या ह्वाय्यांग भागात छन नावाचं छोटं राज्य होतं. चू राज्यानं ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात गिळलं. राज्य गेलं, माणसांनी त्याचं नाव आडनाव म्हणून ठेवलं. पुढे त्यांचे वंशज समुद्रापार गेले. हाँगकाँगहून गेले ते चान, फूच्यानहून सिंगापूर-मलायाला गेले ते तान, हक्का बोलणारे चिन, आणि व्हिएतनामात त्याच अक्षराचं त्रान झालं. सिंगापुरात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आज तान आहे. आपल्याकडे शांतिनिकेतनात १९३७ मध्ये चीन भवन उभं करणारे तान युन-शान मात्र या तानांपैकी नव्हते. ते हूनानचे, त्यांचं अक्षरच वेगळं. तेही एका बुडालेल्या राज्याचं नाव. कारकुनाच्या कानानं दोन वेगळी घराणी एका रकान्यात बसवली.

गाव गेलं तरी नाव राहतं, हे आपल्या सगळ्या 'कर'वाल्यांना सांगायला नको.

या सगळ्यांत आबाजींना आवडणारी गोष्ट वेगळी होती. ती त्यांनी आधी नागपुरातून ऐकली आणि नंतर सिनेमात पाहिली. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबईहून बोटीनं निघाले. चोळकर आमच्या नागपूरचे, पाचांत सर्वांत वयस्क. "म्हातारपनी मानूस लढाईत जाते, अन् तुमाले पावसात वावरात जा म्हटलं तं जड जाते," हे वाक्य आमच्या घरी प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येई.

चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली, आणि पाचांच्याही शेवटी 'ह्वा' हे अक्षर आलं, म्हणजे चीन. आडनाव मूळ नावाच्या पहिल्या ध्वनीवरून घेतलं. चोळकरांचं झालं झुओ, आणि नागपूरचे डॉक्टर झुओ कह्वा म्हणून नोंदले गेले. ते लवकर परतले आणि पुन्हा चोळकर झाले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परतले नाहीत. ते झाले क दिह्वा.

कोटणीस हे आडनाव मुळातच लेखणीचं. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्यासारखंच. शेवटचा 'नीस' फारसीतल्या 'नवीस'चा, म्हणजे लिहिणारा. कोटाचा, किल्ल्याचा हिशेब लिहिणारं घराणं कधीतरी कोटणीस झालं. मुसलमानी दरबारातून मराठी दप्तरात आलेला तो शब्द उत्तर चीनच्या डोंगरात पोचला आणि पहिल्या अक्षरापुरता उरला. क हे मात्र बनावट आडनाव नव्हे. ते चीनमधलं जुनं आडनाव आहे, फूच्यान आणि तैवानमध्ये बरंच आढळतं. तैवानमध्ये ते को असं लिहितात. त्याच फूच्यानी लोकांची मलेशिया-सिंगापुरातली नातवंडं क्वा लावतात. म्हणजे आपल्या कोटणिसांची मुलंबाळं पुढे चीनमधून पिनांगला गेली असती, तर सोलापूरच्या कोटणिसांचे वंशज तिथे क्वा म्हणून मिरवले असते. पण तसं व्हायचं नव्हतं. कोटणीस हे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, १९४१ मध्ये तिथेच शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी, ते फेफऱ्याच्या झटक्यांनी गेले. मुलाचं नाव यिनह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आडनाव बापाचं, क. तो मुलगा १९६७ मध्ये ऐन तरुणपणी वारला, आणि सोलापूरहून निघालेलं ते चिनी आडनाव तिथेच थांबलं. व्ही. शांतारामांचा सिनेमा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ चा. आबाजींनी तो वर्ध्यात पाहिला होता, पण मुलाचं पुढे काय झालं ते त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकराचं नाव भारी ठेवलं होतं."

उलट दिशेनं आलेलं आडनाव पाहायचं तर फार लांब जायला नको. तुमसरहून तिरोडीला रेल्वे जाते, मँगनीजच्या खाणींची. तिरोडी बालाघाट जिल्ह्यातलं, पण बोली अर्धी आमचीच. १९६३ च्या जानेवारीत सरहद्दीवर आपल्या हाती लागलेला वांग आडनावाचा एक चिनी सैनिक १९६९ पर्यंत तुरुंगांत होता. सुटल्यावर त्याला तिरोडीत ठेवलं. वांग हे चीनमधलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव, दहा कोटींच्या घरात माणसं ते लावतात, आणि तिरोडीत मात्र ते लावणारं एकच घर. गावानं त्याला राजबहादूर केलं. तिथेच त्यानं लग्न केलं, संसार केला, आणि मायदेश पुन्हा पाहिला तो २०१७ मध्ये. लोकांनी दिलेलं नाव त्यानं आयुष्यभर वापरलं, तरी मुलांच्या नावापुढे वांगच राहिलं. माझ्या मते हे कोटणिसांच्या गोष्टीइतकंच मोठं आहे. फक्त त्यावर कुणी अमर कहाणी काढली नाही.

कोटणिसांच्या गोष्टीतली एक बाब मला नंतर फार खटकली, तीही आमच्या कोतवाल बुकामुळे. कुओ छिंगलान लग्नानंतरही कुओच राहिल्या. चीनमध्ये बाई लग्नानं नवऱ्याचं आडनाव घेत नाही. जन्माचं मरेपर्यंत चालतं. जुन्या वंशावळ्यांत बायकांना फारशी जागा नसे हे खरं, पण निदान 'अमुक घराण्याची लेक' एवढं तरी लिहीत. आमच्या नकलेत पणजीच्या नावापुढे 'जौजे' आहे आणि पुढे पणजोबा. तिचं माहेर कुठलं, तिचा बाप कोण, काही नाही. आबाजींनाही पक्कं सांगता आलं नाही. "देवळीकडची होती" एवढंच. आडनावांवरून इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला निम्मा इतिहास पहिल्याच पानावर गायब मिळतो, आणि त्याला वाळवी कारण नसते.

बोरगावात आज बाहेरून आलेली घरं जास्त. कुणी एमआयडीसीत कामाला, कुणी सावंगीच्या हॉस्पिटलात, कुणी कोर्टकचेरीत. गेटावरच्या पाट्या वाचत फिरलं तर साऱ्या विदर्भाची आणि थोडी तेलंगणाचीही आडनावं दिसतात. प्रत्येक जण पत्त्यात मात्र मेघे लिहितो.

तुमचं गाव मालगुजारीतलं असेल तर तहसिलात जाऊन अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि कोतवाल बुक यांच्या नकला काढून घ्या; जातपडताळणीचं काम नसलं तरी काढा, कागद दरवर्षी जास्त गळतो. आणि घरात आजी असेल तर तिच्या माहेरचं आडनाव आणि गाव आजच लिहून ठेवा. ते कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.