प्लाझ्मा हरला, पण कोणाकडून?

नात्यात कोणी नवा टीव्ही घेतला की एक वाक्य हमखास कानावर पडते, "तंत्रज्ञान किती पुढे गेलंय हो, तो जुना प्लाझ्मा कुठे आणि हा कुठे!" ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र विचारावेसे वाटते, की 'हा' म्हणजे नेमका कोणता? कारण प्लाझ्माला बाजारातून घालवणारा एक होता आणि चित्रात त्याला मागे टाकणारा दुसराच. शिवाय प्लाझ्माची गोष्ट टीव्हीपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते शिकवण्यापासून, म्हणून तर या मास्तराला तिच्यात रस!

१९६० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, संगणकाने मुलांना शिकवावे म्हणून एक प्रकल्प सुरू झाला. त्याचे नाव 'प्लेटो' आणि त्याचे प्रमुख डोनाल्ड बिट्झर. अडचण अशी होती, की त्या काळचा टीव्हीचा पडदा, म्हणजे काचेची ती मोठी नळी, भारी विसराळू. तिच्यावर उमटलेले अक्षर क्षणात विझते. ते दिसत राहावे म्हणून पुन्हा पुन्हा काढावे लागते, आणि काय काढायचे ते संगणकाच्या स्मृतीत साठवून ठेवावे लागते. तेव्हा ही स्मृती अतिशय महाग होती. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक पडदा ठेवायचा तर परवडणार कसे?

बिट्झर, त्यांचे सहकारी जीन स्लॉटो आणि विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली उपाय शोधला. दोन काचांच्या मध्ये बारीक बारीक खण, आणि त्यांत वायू. विजेचा झटका दिला की खण पेटतो आणि विझवीपर्यंत पेटलेलाच राहतो. म्हणजे लक्षात ठेवायचे काम पडद्यानेच अंगावर घेतले! पुढे १९७२ साली आलेल्या प्लेटोच्या पडद्यावर नारिंगी अक्षरे उमटत, बोट लावून उत्तर देता येई, आणि काच पारदर्शक असल्यामुळे मागून त्याच पडद्यावर चित्रेही टाकता येत. १९७२ साली, बरं का! त्याच सुमारास मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या शाळेत रंगीत खडूंची पेटी हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असे. असो.

नारिंगीतून रंगीत व्हायला बराच काळ गेला. रंगीत प्लाझ्माची युक्ती आपल्या ट्यूबलाइटचीच. वायूतून वीज गेली की न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते आतल्या लेपावर पडतात आणि लेप उजळतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेप घेतले की सगळे रंग झाले. लाखो चिमुकल्या ट्यूबलाइट एका चौकटीत बसवल्या आहेत असे समजा. १९९२ साली फुजित्सू कंपनीने २१ इंची रंगीत पडदा केला, आणि १९९७ साली अमेरिकेतल्या दुकानांत ४२ इंची प्लाझ्मा आला तेव्हा त्याची किंमत होती जवळजवळ १५,००० डॉलर!

त्याचा प्रतिस्पर्धी एलसीडी. त्याचा स्वभाव अगदी उलटा. त्याचा ठिपका स्वतः उजळतच नाही. मागे एक मोठा दिवा सतत जळत असतो आणि पुढे द्रव-स्फटिकांच्या झडपा उघडझाप करतात. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच, म्हणून रात्रीचे दृश्य काळे दिसण्याऐवजी राखाडी दिसते. बाजूला बसून पाहिले तर रंगही फिके पडतात. २००९ च्या सुमारास 'एलईडी टीव्ही' म्हणून जे विकले जाऊ लागले, तेही एलसीडीच. फक्त मागचा दिवा बदलला. नाव मात्र असे ठेवले, की गिऱ्हाइकाला वाटावे पडदाच नवा आला!

मग प्लाझ्मा हरला कसा? एक कारण दुकानातले. तिथे दिव्यांचा लखलखाट. त्या उजेडात एलसीडी झगमगतो, तर प्लाझ्मा मंद वाटतो आणि त्याच्या काचेत आपलेच तोंड दिसते. घरी रात्री दिवे मालवल्यावर हा निकाल उलटा लागला असता, पण पैसे तर दुकानात मोजून झालेले असतात. शिवाय प्लाझ्मा वजनाने जड, तापणारा, वीज जास्त खाणारा. त्याचे खण लहान करावेत तर उजेड कमी होई. घरात मावेल असा 'फोर-के' प्लाझ्मा बाजारात कधी आलाच नाही. एलसीडी मात्र संगणकापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे लागत होता, त्यामुळे त्याचे कारखाने वाढत गेले आणि भाव उतरत गेला.

सगळ्यांत चुटपुट लावणारी गोष्ट 'कुरो'ची. कुरो म्हणजे जपानीत काळा. पायोनियर कंपनीने २००७ साली हे प्लाझ्मा आणले. त्यांचा काळा रंग इतका गडद, की पुढे कितीतरी वर्षे जाणकार नवे टीव्ही त्यांच्याशी ताडून पाहत. आणि २००९ च्या फेब्रुवारीत पायोनियरने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले! पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणे थांबवले, २०१४ साली सॅमसंग आणि एलजीनेही.

खरा वरचढ गडी आला तो ओएलईडी. एलजीने ५५ इंची ओएलईडी टीव्ही विक्रीस काढला तो २०१३ साली, म्हणजे प्लाझ्मा शेवटचे श्वास घेत असताना. यातही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि विझला की पुरता विझतो. प्लाझ्माच्या खणाला चटकन पेटता यावे म्हणून थोडे धुगधुगत ठेवावे लागे, त्यामुळे त्याचाही काळा कधी पूर्ण काळा नसे. काळेपणात, तेजात, बारकाव्यात ओएलईडी पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. स्थिर चित्राचा डाग कायमचा राहण्याचा दोष मात्र दोघांतही आहे.

एका बाबतीत म्हातारा अजून हार मानत नाही. चेंडू सीमारेषेकडे धावतो तेव्हा आपली नजरही त्याच्याबरोबर सरकते. एलसीडी आणि ओएलईडी प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतात. नजर सरकलेली, चित्र थांबलेले, म्हणून चेंडू फरफटल्यासारखा दिसतो. प्लाझ्माचे खण लुकलुकतात, त्यामुळे तिथे चेंडू बराच रेखीव राहतो. नवे टीव्ही मधेमधे काळे चित्र घालून हे साधू पाहतात, पण मग उजेड कमी होतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अजून प्लाझ्मा चालू असेल, तर एकदा रात्री दिवे मालवून जुना कृष्णधवल चित्रपट लावा आणि कसा दिसला ते मला जरूर कळवा. जागा बदलायची असेल तर मात्र उचलायला दोघे जण लागतील!