नऊ मुलांची शाळा

आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात 'बॉम्बे स्ट्रीट' नावाची एक गल्ली आहे. आपल्या मुंबईचे नाव घेऊन बसलेली ही कामकरी लोकांची वस्ती १९६९ सालच्या १५ ऑगस्टला दंगलीत जळून खाक झाली. ती पुन्हा उभी करायला जे हात धावून आले, त्यांत शॉज रोडवरील काही तरुण गृहस्थही होते. आजची हकीकत त्यांचीच आहे. कारण दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या मुलांसाठी एक शाळा हवी होती, आणि ती काही केल्या मिळत नव्हती.

हवी होती ती आयरिश भाषेची शाळा. आयर्लंडात १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या, पण त्यांची भाषा इंग्रजी. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. आयरिश बोलणारी गोरगरीब माणसे अन्नाविना मेली, नाही तर बोटीत बसून देशोधडीला लागली. पुढे १९२१ साली देशाची फाळणी झाली. दक्षिणेत आयरिशला राष्ट्रभाषेचा मान मिळाला; उत्तरेत, ब्रिटिश अमलाखालच्या बेलफास्टमध्ये, ती सरकारदरबारी परकीच राहिली.

अशा शहरात काही जोडप्यांनी ठरवले की, आपण ही भाषा पुस्तकांतून शिकलो, पण आपल्या मुलांनी ती पाळण्यात शिकावी. एकमेकांच्या शेजारी घरे बांधून त्यांनी शॉज रोडवर वस्ती केली. 'बोलू नकोस, कर!' हे त्यांचे ब्रीद होते. १९६५ साली त्यांनी शाळेविषयी सरकारकडे विचारणा केली, तेव्हा उत्तरादाखल आली ती खटल्याची धमकी!

तरीही १९७१ साली शाळा सुरू झालीच. इमारत म्हणाल तर एक तात्पुरती, जोडणीची खोली. आणि पटावर मुले अवघी नऊ! सरकारचा एक पैसाही नव्हता. दारोदार वर्गणी मागायची आणि त्यातून शिक्षकांचा पगार भागवायचा. अशा शाळांचे नशीबच चमत्कारिक असते. मान्यता हवी तर पटसंख्या दाखवा. पटसंख्या वाढवायची तर इमारत हवी. आणि इमारत हवी तर आधी मान्यता आणा! या चक्राला कोठून हात घालावा?

मान्यता आणि अनुदान मिळाले ते १९८४ साली. शाळा निघाल्याला तेरा वर्षे झाली होती. आईचे बोट धरून पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला एव्हाना मिसरूड फुटले असेल. अनुदान आले, पण त्याचे बालपण काही परत आले नाही.

पुढे १९९१ साली माध्यमिक शाळा निघाली, तीही प्रेस्बिटेरियन पंथाच्या एका जुन्या चर्चच्या वास्तूत. आणि योगायोग असा की, तिथेही पहिली मुले नऊच! तिला १९९६ पर्यंत मान्यतेची वाट पाहावी लागली. १९९८ च्या शांतता कराराने आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला उत्तेजन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आणि २०२२ च्या कायद्याने त्या भाषेला तेथे अधिकृत दर्जा मिळाला. आज उत्तर आयर्लंडात आयरिशमधून शिकणाऱ्या मुलांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

मी स्वतः पेशाने मास्तर. पावसाळ्यात पत्रे गळू लागले की तीन इयत्ता एका कोरड्या कोपऱ्यात गोळा करून मी पाढे म्हणवून घेतले आहेत. शाळा भिंतींनी होत नाही, असे भाषणांत नेहमी ऐकतो. ते खरेही आहे. नऊ मुलांनी ते सिद्ध केले. परंतु हे वाक्य म्हणण्याचा अधिकार गळक्या छपराखाली बसणाऱ्यांना आहे, छप्पर देणे ज्यांच्या हाती आहे त्यांना नव्हे. कागदाला थांबता येते. फाईल वर्षानुवर्षे कपाटात स्वस्थ पडून राहते. मूल मात्र रोज थोडे थोडे मोठे होते आणि एक दिवस वर्गातून निघून जाते.

आज घरोघरी पणत्या लागतील. वारा पडेपर्यंत वाट पाहू म्हणणाऱ्याच्या अंगणात काही उजेड पडत नाही. शॉज रोडच्या त्या आईबापांनी पणती आधी लावली आणि मग तिच्याभोवती हाताचा आडोसा धरला, तोही तब्बल तेरा वर्षे!