यादीतील दुसरे नाव

आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी निवर्तला, तर त्या मतदारसंघातील मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला नवा उमेदवार देता येतो. २००४ साली पोर्तुगालमध्ये युरोपियन संसदेच्या निवडणुकीत असाच प्रसंग ओढवला. मात्र तेथे मतदान एक दिवसही लांबले नाही.

९ जून रोजी समाजवादी पक्षाचे अग्रणी उमेदवार, माजी अर्थमंत्री आंतोनियो द सोझा फ्रांको, मातोझिन्योश येथील मासळीबाजारात प्रचारास गेले. स्वपक्षाच्याच दोन स्थानिक गटांत तेथे बाचाबाची व धक्काबुक्की झाली. त्यानंतर थोड्याच वेळात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ६१ वर्षांचे होते. पक्षांनी प्रचार आवरता घेतला. १३ जूनला ठरल्याप्रमाणे मतदान झाले.

हे शक्य झाले, कारण तेथे मत व्यक्तीला नसते. संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव आणि चिन्ह एवढेच. पक्षाला जितकी मते, त्या प्रमाणात २४ पैकी जागा, आणि त्या भरायच्या यादीच्या क्रमाने. पहिले नाव गळले की दुसरे वर सरकते. हा नियम आम्हांला काहीसा रुक्ष वाटतो; पण गोंधळ टाळतो खरा.

सहानुभूतीच्या लाटेची आपल्याला फार सवय. तेथे मात्र ती आकड्यांत फारशी दिसत नाही. समाजवाद्यांना ४४.५ टक्के मते व १२ जागा मिळाल्या. १९९९ सालीही त्यांच्या जागा १२च होत्या. मतदान तर सुमारे ४० टक्क्यांवरून ३८.६ टक्क्यांवर उतरले. सत्ताधारी आघाडीला ९ जागा मिळाल्या. (आदल्याच दिवशी यजमान पोर्तुगाल युरोपीय फुटबॉल स्पर्धेत ग्रीसकडून हरला होता, लोकांचे चित्त कोठे होते, हे सांगावयास नको.)

यादीतील ते दुसरे नाव होते आंतोनियो कोस्टा. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्टा, मोझांबिकमध्ये जन्मले, पण वाढले गोव्यात, मडगावी. आमच्या वाचकांना हा धागा परका वाटू नये. कोस्टा संसदेचे उपाध्यक्ष झाले खरे, पण तेथे फार रमले नाहीत. २००५ च्या मार्चमध्ये ते गृहखाते सांभाळण्यास लिस्बनला परतले. पुढे २०१५ ते २०२४ ते पंतप्रधान होते, आणि १ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी युरोपियन परिषदेच्या अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली. या पदासाठी जनतेचे मतदान नसते; सदस्य राष्ट्रांचे प्रमुखच निवड करतात.