न्हाणीघराचा मागचा दरवाजा

इतिहास आपण राजवाड्यांत, रणांगणांत आणि कायदेमंडळांत शोधतो. न्हाणीघरात तो शोधण्याची आपली रीत नाही. वास्तविक ज्या जागेत माणूस रोज अंग धुतो, ती जागा नंतर कोण धुतो, एवढा एकच प्रश्न विचारला तरी या समाजाची सारी उतरंड आपल्यासमोर उभी राहते.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. 1860 साली विहार तलावाचे आणि 1892 साली तानसाचे पाणी शहराला मिळू लागले. नळ घराघरांत शिरला आणि मोरी घराचा भाग बनली. पाणी असे यंत्राने आले. घाण मात्र दीर्घकाळ माणसाच्या डोक्यावरून गेली. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठींमध्ये जो अरुंद बोळ सोडलेला दिसतो, त्याला घरगल्ली म्हणतात. मोऱ्यांचे पाणी तेथे पडे आणि संडासांचा मैला तेथूनच उचलला जाई. तो उचलणाऱ्याला 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने 'हलालखोर' म्हटले आणि त्या सेवेसाठी नागरिकांवर हलालखोर कर बसवला. जातीने लादलेले काम अशा रीतीने नगरपालिकेच्या जमाखर्चात जाऊन बसले. इमारतींच्या पाठीमागे सफाईवाल्यासाठी लोखंडी गोल जिने आले. घराला दोन दरवाजे झाले. पुढचा नाहणाऱ्याचा आणि मागचा धुणाऱ्याचा.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शुचिता आणि स्वच्छता या दोन गोष्टी आपल्याकडे कधीच एक नव्हत्या. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी ते तळे 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी पिण्याच्या पाण्यात ओतून! शुचितेचा संबंध जर मळाशी असता, तर असा प्रकार घडलाच नसता. तिचा संबंध माणसाशी होता. स्नान केले की माझे अंग शुद्ध झाले, मागे राहिलेला मळ ज्याच्या वाट्याला येतो तो अशुद्ध. हे गणित एकदा पक्के झाले की नाहणाऱ्याला मागे वळून पाहण्याची गरजच उरत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली सांगितले. त्या विभागणीचा सर्वांत रोजचा पुरावा मोरीच्या फरशीवर आहे.

पुढे कायदे झाले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये पहिला आणि 2013 मध्ये दुसरा केंद्रीय कायदा आला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि 2023 मध्ये ही भरपाई तीस लाखांवर नेली. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे गटारांत मरायची थांबलेली नाहीत. पण घरातल्या न्हाणीघरापर्यंत हे कायदे येत नाहीत. तेथे राज्य ॲसिडच्या बाटलीचे आहे.

माझी आई मुंबईतल्या अशाच जुन्या इमारतींत न्हाण्या आणि संडास धुवायची. मागच्या जिन्याने चढायची, मागच्याच जिन्याने उतरायची. ॲसिडने तिच्या बोटांची सालपटे निघत. एकदा कोणीतरी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतायला लावली. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. तिला त्या रात्री श्वास घेता येत नव्हता, एवढेच मला आठवते.

त्या कष्टांवर मी शिकलो, प्राध्यापक झालो, जिल्ह्याच्या गावी फ्लॅट घेतला. न्हाणीघरात शॉवर आहे, भिंतींना फरशा आहेत. पाणी बोअरवेलचे, म्हणजे जड. फरशांवर पांढरे थर चढत आणि शॉवरची भोके बुजत. महिन्यातून दोनदा एक बाई येऊन ते ॲसिडने खरडून जाई. ॲसिड मीच आणून देत होतो. गेल्या वर्षी आई राहायला आली. तिने विचारले, "तिचं नाव काय रं?" मला सांगता आले नाही. आमच्या घरात तिला 'बाथरूमवाली' म्हणत.

दुसऱ्या दिवशी आईने मला न्हाणीघरात उभे केले. "आरं, अंघोळ झाली की पानी वाळायच्या आत पुसून घ्यायचं. वाळलं की चुना धरतो. मंग ॲसिड लागतंय, आन् ॲसिड लागलं की बाई लागती."

माझ्या पदव्यांनी न शिकवलेला इतिहास या तीन वाक्यांत होता. तेव्हापासून नाहणारा भिंत आणि फरशी पुसून खिडकी उघडी ठेवतो. बुरशी धरत नाही. शॉवरची चकती काढून अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवतो, क्षार सुटतात. ॲसिड तर फरशांमधले सिमेंटही खाते, ते बंद केले. दोन मिनिटांचे काम आहे. ते शतकानुशतके झाले नाही, कारण न करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली नाही.

हे काम पत्नीच्या गळ्यात मारून मोकळे होणे, हाही मागचा दरवाजाच आहे. आजारी आणि वृद्ध माणसांना मदत घ्यावीच लागेल. तेथे हातमोजे, पुरेसे वेतन, पुढचा दरवाजा आणि नावाने हाक, यांत तडजोड नको. आमच्याकडे येणाऱ्या बाईंचे नाव मी विचारून घेतले. त्या आता स्वयंपाकाला येतात, पुढच्या दाराने.

आपल्यापैकी शिकलेल्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मागच्या जिन्याने चढलेल्या आईबापांची आपण मुले. मग आपल्या नव्या घरांत तो जिना कोणासाठी बांधतो आहोत?