मधली सुट्टी पोटातून जन्मली

उज्जैनच्या अंकपात भागात सांदीपनींचा आश्रम आजही दाखवतात. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि सुदामा गुरुपत्नीच्या सांगण्यावरून सरपण आणायला रानात जातात, वादळी पावसात रात्रभर अडकून पडतात आणि उजाडल्यावर गुरू त्यांना शोधत येतात. पुराणकथा म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. पण विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो, याबद्दलची तेव्हाची समजूत तिच्यात दिसते. त्या दिवसात मधली सुट्टी नाही, कारण तिचं कामच नाही. पाणी भरणं, गुरं राखणं, लाकूडफाटा आणणं हे शिकण्याच्या दिनक्रमातच होतं. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्येला किंवा ढग गडगडले की धर्मशास्त्र अनध्याय सांगे, तो अध्ययनाचा विराम असे, खेळाची तास-अर्ध्या तासाची सोय नव्हे. शिवाय ही विद्या मोजक्या घरांतल्या मुलग्यांनाच मिळे, हेही विसरून चालणार नाही.

पुढे पंतोजींच्या शाळा सर्वसाधारणपणे सकाळ-दुपार अशा दोन वेळांत भरत आणि मुलं मधे घरी जाऊन जेवून येत. एकोणिसाव्या शतकात हजेरीपट, तासिका आणि घंटा आली, शाळा सलग भरू लागली, तेव्हा भुकेसाठी वेळापत्रकाला मधोमध एक चीर द्यावी लागली. आपली मधली सुट्टी ही अशी पोटातून जन्मली. तिकडे इंग्लंडमध्ये सॅम्युअल वाइल्डरस्पिन १८२० च्या दशकात शिशुशाळेला अंगण हवंच, असं आग्रहाने मांडत होता. आपल्याकडे घंटा सहज रुजली, अंगणाचा तो आग्रह मात्र मागे पडला. म्हणूनच आजही शाळा ही सुट्टी जेवणाची मानते आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री तिलाच लावते.

सरकारी शाळांत तर जेवण हाच सुट्टीचा गाभा झाला. माध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. योजना मोलाची आहे, यात वादच नाही. पण हात धुवायची रांग, वाढपाची रांग, मग थाळी घासायची रांग असा हिशेब मांडला, तर अर्ध्या तासातली धावायची मिनिटं किती उरतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्क्यांना ती २०१६ मध्ये मिळत नव्हती. निकोला रिजर्स आणि सहकारी संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. कोणतीही खास योजना नसताना शाळेतल्या सुट्ट्या या गरजेचा ५ ते ४० टक्के वाटा उचलतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे एका शाळेत ३ मिनिटं, दुसरीत २४. मुलं सगळीकडे मुलंच असतात. मग वेळ, जागा आणि खेळायला हाताशी काय आहे, यांवरच बरंचसं ठरत असणार.

सुट्टीत खेळायला वेळ द्या म्हटलं, तर उज्जैनमध्ये पहिला आक्षेप उन्हाचा येईल, आणि तो खरा आहे. शहर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला असल्याने तिथला खरा मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास येतो. तिथल्या सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतल्या शंकूची सावली तेव्हाच सर्वांत आखूड होते. जेवणाची सुट्टी नेमकी या सुमारास. पण यातून खेळ नको असं निघत नाही, जेवण आणि खेळ वेगळे करा असं निघतं. सकाळच्या दोन तासिकांनंतर पंधरा मिनिटं धावायची, दुपारची सुट्टी निवांत जेवायची. हिवाळ्यात तर उन्हाची अडचणही नाही.

दुसरा आक्षेप असा की खेळाची तासिका आहेच, आणि मल्लखांब हा मध्य प्रदेशचा राज्यक्रीडाप्रकार आहे. उज्जैनच्या योगेश मालवीयांना त्याच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण खांबावर एका वेळी मोजकीच मुलं चढतात, तीही निवडलेली. ज्याचं अंग वळत नाही, त्याच्या वाट्याला रोज येते ती मधली सुट्टीच. अभ्यास बुडेल ही भीती असेल, तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काय बजावलं ते पाहावं: शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी कापू नये, कारण विश्रांतीनंतर लक्ष अधिक चांगलं लागतं.

सगळ्यांत अवघड प्रश्न मुलींचा. सुट्टीतही मुली मुलग्यांपेक्षा कमी हालचाल करतात, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. मैदानाचा मध्य क्रिकेटने व्यापला की त्या भिंतीलगत सरकतात, हे कुठल्याही शाळेच्या फाटकातून दिसेल. यावरचा उपाय स्वस्त आहे. संशोधक गॅरेथ स्ट्रॅटन यांनी २००० मध्ये दाखवलं की अंगणात रंगाने खेळांच्या आकृत्या काढल्या तरी प्राथमिक शाळेतल्या मुलांची हालचाल वाढते. माळव्यात त्यासाठी परदेशी आकृत्या नकोत. लंगडीची चौकट, आट्यापाट्यांच्या पाट्या, सितोलियाचं म्हणजे आपल्या लगोरीचं वर्तुळ, एवढं चुन्याने आखायचं आणि त्यातली निम्मी जागा मुलींसाठी राखायची, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला वरच्या आदेशाची वाट न पाहता या सत्रातच करता येईल.