दोन कंट्रोल-झेडची गोष्ट

आज एका जुन्या जोडणीचा इतिहास: टेक्स्ट एडिटरच्या आतच डीबगर चालतो कसा?

डीबगर म्हणजे चालू प्रोग्राम मधेच थांबवून आत डोकावायचं साधन. रिचर्ड स्टॉलमननं १९८६ मध्ये जीडीबी लिहिला, तो नुसता कमांड-लाइनचा. प्रोग्राम थांबला की तेवढी एकच ओळ छापणार. आजूबाजूचा कोड बघायचा तर 'लिस्ट' टाइप करत बसा. पण त्याचाच ईमॅक्स एडिटर आधीपासून होता. मग दोघांना जोडलं, आणि ती जोडणी भलतीच साधी आहे. ईमॅक्स जीडीबीला 'फुलनेम' हा पर्याय देऊन स्वतःच्या आत चालवतो. प्रोग्राम थांबला की जीडीबी आउटपुटमध्ये दोन कंट्रोल-झेड टाकतो, पुढे फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक, मधे कोलन. ईमॅक्स हे सगळं गिळतो, तुम्हाला दिसूच देत नाही, आणि ती फाइल उघडून नेमक्या ओळीवर बाण ठेवतो. बस्स, एवढंच!

विममध्ये ही सोय घरचीच म्हणून मिळायला २०१८ चं ८.१ व्हर्जन उजाडलं. त्याआधी सगळा जुगाड.

जीडीबीत आपल्याकडचे हातही आहेत बरं का. सीआर१६ प्रोसेसरसाठीचा कोड पुण्याच्या केपीआयटी कमिन्समधून गेला.

मी नागऱ्यात बसून दूरच्या सर्व्हरवर असंच डीबग करतो. नेटवरून फक्त अक्षरं जातात, त्यामुळे रेंजची एकच काडी असली तरी भागतं. ईमॅक्समध्ये 'गुड-जीडीबी' चालवून बघा. पडद्यामागे आजही तेच दोन कंट्रोल-झेड येतात.